पिंजऱ्याचं लोकार्पण

मु. पो. वडगाव रासाई, ता. शिरूर
मंगळवार, सकाळचे साडेनऊ (वीज आहे)

तीर्थरूप भिमाजीमामांस, कासुर्डी मुक्कामी, आपला भाचेजावई रखमाजी याचा पायावर डोकं ठेवून नमस्कार (ऑपरेशनचा पाय सोडून दुसऱ्या पायावर).

गुडघा आता वाकतो का? डॉक्टरांनी मांडी घालू नका म्हटलंय तर घालू नका. पंगतीत खुर्ची मागायला लाजायचं काही कारण नाही, मी तर जन्मभर खुर्चीच मागत आलो. मामींच्या दम्याला या थंडीत उतार असेल अशी आशा करतो. आमच्याकडं सगळे खुशाल आहेत. फोन का केला नाही असं तुम्हाला वाटेल. एक तर तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही (गेल्या दिवाळीत मी 'फराळ पाठवला' म्हणालो, तर 'कुणाला पळवला?' म्हणून तुम्ही दोन दिवस काळजीत होता). दुसरं म्हणजे माझा फोन आता माझा राहिलेला नाही. त्याचा नंबर प्रचाराच्या पत्रकावर छापला गेला, तेव्हापासून तो तुमच्या भाचीकडं, सुलक्षणाकडं असतो. माझ्यासाठी फोन आला तर ती मला बोलावते, आणि असा फोन आठवड्यातनं एखादा येतो.

निवडणुकीचा निकाल तुम्हाला कळलाच आहे. पण तो कसा लागला याबद्दल यवतच्या बाजारात जे काही बोललं जातंय त्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये, म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. माझं राजकारण तुम्हाला नवं नाही. लग्न ठरवताना माझ्या वडिलांनी 'मुलगा राजकारण करतो' असं सांगितलं, तेव्हा 'आन् पोटाला?' असं विचारणारे तुम्हीच होता. त्यानंतर पहिल्याच ग्रामपंचायतीला मला आणि समोरच्याला सारखी मतं पडली आणि चिठ्ठीवर मी निवडून आलो. पुढं अडीच वर्षं उपसरपंच होतो. त्या काळात मी गावात सात कमानी उभारल्या (त्यातली एक उसाच्या ट्रॉलीनं नेली, एक वाऱ्यानं नेली, पाच अजून आहेत). मग पंचायत समितीला तीनदा उभा राहिलो आणि तिन्ही वेळा पडलो. पण मामा, कितीनं पडलो ते बघा. पहिल्यांदा चारशे बारा, मग शहाण्णव, मग अकरा. म्हणजे चौथ्यांदा मी निवडून येणार हे गणितानंच ठरवून टाकलं होतं. लोक म्हणतात मी पक्ष बदलतो. मी एकही पक्ष बदललेला नाही. मी जिथं बसलो होतो तिथंच बसून होतो, पक्षच दर दोन वर्षांनी माझ्या खालनं बदलत गेले. त्यामुळं घरात चार रंगांचे गमछे साठले. सुलक्षणानं त्यांची लोणच्याच्या बरण्यांना झाकणं केली आहेत. आमच्याकडं कैरीचं कुठलं आणि लिंबाचं कुठलं हे पक्षावरनं कळतं.

पुढं निवडणुकाच लांबल्या. चार वर्षं मी रोज इस्त्रीचे कपडे घालून उमेदवार म्हणून बसून राहिलो. एवढ्यात आमच्या शिवारात बिबट्या आला. तो तसा जुनाच आहे, उसातनं फिरतो, पण या खेपेला तो मुक्ताबाईच्या वस्तीला धरूनच बसला. मुक्ताबाई म्हणजे नदीकडच्या वस्तीवरची म्हातारी, तुमच्याहून चार वर्षांनी मोठी असेल. तिची दोन कुत्री गेली, एक कालवड गेली. तिची नात मोनाली सातवीत आहे. वस्तीवरनं फाट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी ऊस, त्यातनं पोर चालत शाळेला जाणार कशी? एसटी फाट्याला थांबते, वस्तीला थांबत नाही. म्हातारी रोज हातात ताट आणि पळी घेऊन, वाजवत वाजवत नातीला फाट्यापर्यंत सोडत होती. हे मला तिनं दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी 'बघतो' म्हणालो होतो. हे मी तुम्हालाच लिहितोय, बाहेर बोलू नका.

तर मी ठरवलं, आपण पिंजरा द्यायचा. निवडणूक तोंडावर आली होती हे खरं, पण चांगलं काम तोंडावर केलं म्हणून वाईट होत नाही. शिरूरला माझा शाळेतला मित्र जॉन्सन आहे, त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. मनाचा सरळ, हाताचा पक्का, आणि तोंडाचा फारच सरळ. त्यानं तीन आठवडे खपून असा पिंजरा केला की तालुक्यात तसा नाही. लांबीला बारा फूट, मागं बकरीसाठी जाळीचा वेगळा कप्पा, तळाला लोखंडी पाटा. पाट्यावर पाय पडला की वरनं दार खाली येतं आणि आपोआप कुलूप बसतं. मी सगळं तपासलं आणि त्याला विचारलं की आतनं उघडायची काय सोय आहे. जॉन्सननं हातातली पकड खाली ठेवली. म्हणाला, "रखमाजी, आतनं उघडायची सोय ठेवली तर त्याला पिंजरा म्हणत न्हाईत, खोली म्हणतात."

आता पिंजरा लावायचा तर वनखात्याची परवानगी लागते. अर्ज केला होता, परवानगी यायची होती. म्हणून पत्रिकेत मी 'पिंजरा लावणे' असा शब्द कुठंही वापरला नाही. 'पिंजऱ्याचं लोकार्पण' असं छापलं. लोकार्पणाला कुणाची परवानगी लागत नाही, हे मी पंचवीस वर्षांत शिकलो आहे.

दिवस सोमवारचा, वेळ सकाळी दहाची. मुक्ताबाईच्या वस्तीसमोर मांडव घातला. पिंजऱ्याला झेंडूची माळ, मागच्या कप्प्यात शोभेला मुक्ताबाईचीच शेळी (तासाभरासाठी मागून आणलेली). माणसं दीडशेच्या आसपास. जॉन्सन तेवढा नव्हता. त्याच्या पुतणीचं, जस्मिनचं, त्या दिवशी दौंडला चर्चमध्ये लग्न होतं, त्यामुळं पिंजरा आदल्या दिवशीच पोचवून तो तिकडं गेला होता. मी फीत कापली, नारळ फोडला. वार्ताहर सुमित फोटो काढायला आला होता. तो म्हणाला, नुसतं पिंजऱ्याशेजारी उभं राहून काय मजा? आत उभे राहा, बिबट्याच्या जागी, म्हणजे पहिल्या पानावर येईल. पहिलं पान म्हटल्यावर मी आत गेलो. गळ्यात हार, हात जोडलेले. सुमित म्हणाला, "आप्पा, जरा मागं. अजून जरा. अजून एक पाऊल."

मामा, ते एक पाऊल मी मागं घेतलं, आणि ते पाट्यावर पडलं.

दार असं दणकन आलं की शेळीनं जागेवर उडी मारली. लोकांना वाटलं हे प्रात्यक्षिक आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग मी हसत हसत दार उचलायला गेलो, तर ते हलेना. बाहेरनं चौघांनी जोर लावला तरी हलेना. टाळ्या हळूहळू थांबल्या. कुणीतरी किल्ली विचारली. किल्ली जॉन्सनकडं. जॉन्सनला फोन लावला, तर तो चर्चमध्ये आणि फोन बंद. ग्राइंडरनं गज कापायचं म्हटलं तर शेतातली लाइट त्या आठवड्यात दुपारनंतर येत होती. एकजण म्हणाला मांडवगणहून गॅसकटर आणतो. एवढ्यात सुलक्षणा पुढं आली. तिनं पिंजऱ्याभोवती एक फेरी मारली, गजांना हात लावून पाहिला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कापायचा न्हाई. नवा पिंजरा हाय. बिबट्या खराच हाय उसात, उद्या त्याला कशात धरायचा? जॉन्सनभाऊ येऊ द्यात. तवर बसतील हे." नवऱ्यापेक्षा पिंजरा जपणारी बायको मी त्या दिवशी पाहिली.

त्यात वनरक्षक बाई आल्या. दीक्षा नाव त्यांचं, वय फार तर सव्वीस, पण नियमाला पक्क्या. त्यांनी वही काढली, पिंजरा मोजला, आणि मला म्हणाल्या, साहेब, परवानगीशिवाय पिंजऱ्यात कुणालाही ठेवता येत नाही. मी म्हणालो, बाई, मग सोडा. त्या म्हणाल्या, किल्ली? यावर आम्ही दोघांनी एकदमच कुलपाकडं बघितलं, त्याचाही सुमितनं फोटो काढला.

पहिला अर्धा तास मी हसतखेळत काढला. माणसं जातील असं वाटत होतं, पण जाईनात. उलट वाढायला लागली. मांडवगणहून आली, नदीपलीकडनं आली, पोरं उसाच्या ट्रॉलीवर उभी राहून बघायला लागली. माझा विरोधक रविराज तर सहकाऱ्यांसह आला. पांढरा शर्ट, काळा गॉगल. पिंजऱ्याला पाठ लावून त्यानं माझ्याबरोबर सेल्फी काढला आणि मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. मी हात जोडून उभा. दरम्यान मागच्या शेळीनं जाळीतनं तोंड घालून माझा हार खायला सुरुवात केली होती. मी तिला अडवलं नाही. निदान कुणाच्या तरी पोटात लोकार्पण गेलं.

मग मुक्ताबाई आली. ती माझ्यासाठी आली नव्हती, शेळीसाठी आली होती. म्हणाली, "तासभर म्हणला व्हतास. माझी शेळी कवा सोडणार?" मी म्हणालो, तिच्या कप्प्याचं दार आतल्या बाजूला आहे, मी सुटलो की ती सुटेल. म्हातारी खाली मातीत बसली. माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "भ्या वाटतंय का रं आत?"

खोटं बोलायला जागा नव्हती. उसात मघाशी काहीतरी सळसळलं होतं, ते मी ऐकलं होतं. मी म्हणालो, "वाटतंय."

"तुला गज हायेत," ती म्हणाली. "आमाला न्हाईत."

मामा, एरवी अशा वेळी मी घड्याळ बघतो आणि 'मला पुण्याला मीटिंग आहे' म्हणून गाडीत बसतो. पण गाडी मांडवापलीकडं आणि मी अलीकडं. म्हातारी बोलत राहिली. मोनालीचं सांगितलं, ताट-पळीचं सांगितलं, पहाटे कालवडीचा आवाज कसा आला ते सांगितलं. सवयीनं मी म्हणालो, "बघतो." तर शेजारनं सुलक्षणाचा आवाज आला, "कवा?" मी बघितलं तर ती मांडवातली खुर्ची ओढून पिंजऱ्यालगत बसली होती, हातात आमच्या दुधाची वही आणि पेन. म्हणाली, "बघतो न्हाई, तारीख सांगा. म्या लिहिते."

मी तारीख सांगितली. आणि मग मामा, जी रांग लागली! दवाखान्यात नर्स येत नाही ते एक, पाणंद रस्ता अडवलाय ते एक, विजेची डीपी जळून दोन महिने झाले ते एक. एका माणसानं तर त्याची आणि त्याच्या भावाची बोलाचाल बंद आहे ती सुरू करून द्या म्हणून नाव नोंदवलं (भाऊ रांगेत मागंच होता, त्यानंही तीच मागणी लिहिली). मी गजांना धरून ऐकत होतो, सुलक्षणा लिहीत होती, आणि 'होईल', 'पाहू', 'वर बोलतो' असं काही म्हटलं की पेन थांबत होतं आणि माणसं हसत होती. दुपारी कुणीतरी गजातनं मला पिठलं-भाकरी दिली. जाळीपलीकडं शेळी हार संपवून माझ्याकडं बघत होती, तिलाही चतकोर दिली. खरं सांगू? तिसऱ्या तासानंतर मला बरं वाटायला लागलं. कुठं जायचं नाही, कुणाला टाळायचं नाही, फक्त ऐकायचं. लोकही मोकळे झाले. मी पडलेल्या तिन्ही निवडणुकांत मिळून जेवढे हसले नसतील तेवढे ते त्या दिवशी माझ्याशी हसले.

अडीच वाजता जॉन्सन आला. लग्नातला सूट, कोटाला गुलाब, दौंडहून येताना उसाच्या ट्रॉल्यांत अडकलेला, घामाघूम. त्यानं पिंजऱ्याभोवती फिरून आधी कुलूप तपासलं, दार तपासलं, आणि समाधानानं म्हणाला, "चालतंय की मस्त!" मग किल्ली लावली. पिंजऱ्यात सापडणारा मी पहिला. रीतसर परवानगी आल्यावर दीक्षाबाईंच्या खात्यानं तो पिंजरा तिथंच लावला आणि नवव्या दिवशी त्यात बिबट्या सापडला. तो दुसरा.

त्या संध्याकाळी मी सुलक्षणाची वही वाचत बसलो. त्रेसष्ट तक्रारी होत्या. मामा, त्यातल्या चाळीस तरी मला आधीच माहीत होत्या. प्रत्येकाला मी कधी ना कधी 'बघतो' म्हणालो होतो, आणि खरंच, नुसता बघत राहिलो होतो. जेवणात मन लागलं नाही. सकाळी उठून सुलक्षणानं डबा भरला, वही घेतली आणि मुक्ताबाईला बरोबर घेऊन एसटीनं शिरूरला गेली. आगारात दोघी सलग तीन दिवस जाऊन बसल्या. चौथ्या दिवशी शाळेची गाडी वस्तीला थांबली. वहीतल्या त्या ओळीवर सुलक्षणानं रेघ मारली. मग ती डीपीच्या मागं लागली.

इकडं रविराजनं त्याचा व्हिडिओ गाणं लावून सगळीकडं सोडला. मला हसावं म्हणून सोडला, आणि लोक हसलेही. पण व्हिडिओत माझ्या शेजारी खुर्चीवर बसून एक बाई लिहिताना दिसत होती, आणि लोक एकमेकांना विचारायला लागले, ही कोण?

निवडणूक लागली. आमचा पंचायत समितीचा गण सर्वसाधारण होता, बायकांसाठी राखीव बिखीव काही नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण यवतला लोक 'आरक्षण पडलं म्हणून बायको दिली' असं बोलतात. तसं असतं तर मला एवढं लागलं नसतं. उमेदवार ठरवायला गावची बैठक बसली. मी नवा सदरा घालून गेलो होतो. कुणी काही बोलायच्या आत मुक्ताबाई उभी राहिली, म्हणाली, "वही जिच्याकडं हाय तिला उभं करा." आणि सगळा गाव 'व्हय, व्हय' म्हणाला. माझे सख्खे चुलतभाऊसुद्धा. सुलक्षणाच तेवढी माझ्याकडं बघत होती. मी उठून घरी आलो.

दोन दिवस मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत बसून राहिलो. पंचवीस वर्षांचा हिशेब करत होतो, तो काही लागेना. दुसऱ्या दिवशी दुपारी सुलक्षणा भाकरी घेऊन आली. म्हणाली, "तुमी नको म्हणा, म्या न्हाई उभी राहत. पर मला वाटतंय मला जमंल." एवढंच. मी भाकरी खाल्ली. खाता खाता मला आठवलं, लग्नानंतर पहिल्यांदा मी उभा राहिलो तेव्हा मी हेच वाक्य तिला म्हणालो होतो, आणि तिनं लगेच 'राहा की' म्हटलं होतं. मी म्हणालो, "राहा की."

अर्ज भरायला आम्ही शिरूरला गेलो, मी सूचक म्हणून. साहेबांनी विचारलं, उमेदवार कोण? तर सवयीनं माझा हात वर गेला. तो मी तसाच डोक्यावर नेऊन टोपी नीट केली. प्रचारात तिची एकच अट होती. गाडी तुमी चालवायची, माइकला हात लावायचा न्हाई. मी जीप चालवली. प्रत्येक वस्तीवर ती दोन मिनिटं बोलायची. वही उघडून नाव वाचायची, तारीख वाचायची, काम झालं का नाही सांगायची आणि खाली बसायची. मी जीपमध्ये ओठ आवळून बसायचो. निकालाच्या दिवशी ती अकराशे त्रेचाळीस मतांनी आली. मी एवढा नाचलो की ताशेवाल्याला बाजूला करून ताशा मीच वाजवला. गुलाल चार दिवस कानातनं निघत होता. रविराज पेढे घेऊन आला आणि व्हिडिओ काढल्याबद्दल त्यानं स्वतःचं कपाळ बडवून घेतलं. मामा, मी निवडून आलो असतो तर एवढा आनंद झाला असता का, हे मला सांगता येत नाही. बहुतेक झाला नसता.

असो. मामींना नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

आपला आज्ञाधारक,
रखमाजी

ता. क. येत्या रविवारी गावात सुलक्षणाचा सत्कार आहे आणि प्रमुख पाहुणे तुम्ही आहात (गाडी न्यायला येईल, खुर्ची मऊ ठेवली आहे). पत्र लिहिण्याचं खरं कारण एवढंच, की अर्ज भरल्यापासून माझ्या हाती माइक आलेला नाही. तिची अट अजून उठलेली नाही. तुम्ही तिचे सख्खे मामा, तुमचा शब्द ती मोडत नाही. तुमचं भाषण झालं की सहज म्हटल्यासारखं म्हणा, 'जावईबापूंनी दोन शब्द बोलावेत'. दोन शब्दांची अकरा पानं तयार आहेत.

ता. क. दुसरा. अकरा जास्त होत असतील तर सहा करतो. पण पिंजऱ्यातला भाग गाळता येणार नाही. हे पत्र सुलक्षणाच्या नजरेस पडू देऊ नका.

ता. क. तिसरा. मामा, सुलक्षणाचा नमस्कार. पाकीट ह्यांनी माझ्याच हातात दिलं, तिकीट लावून पोस्टात टाक म्हणाले, फक्त गुडघ्याची चौकशी केली आहे म्हणाले. सगळं वाचलं. बरंचसं खरं लिहिलं आहे, मला वाटलं नव्हतं. फक्त एक सांगते, ते तुमच्यापाशीच ठेवा. जॉन्सनभाऊंनी किल्ल्या दोन केल्या होत्या, एक त्यांच्याकडं आणि दुसरी पिंजरा पोचवताना मला दिलेली, ती माझ्या बटव्यात होती. आधी गडबडीत मला आठवलंच नाही. आठवलं तेव्हा मुक्ताबाई मातीत बसून बोलत होत्या आणि हे पहिल्यांदाच कुणाचं तरी पुरतं ऐकत उभे होते. मग मी खुर्ची घेतली. रविवारी तुम्ही काही बोलायची गरज नाही, ह्यांचं नाव मीच पुकारते. अकराच्या अकरा पानं वाचू द्या. मी पहिल्या रांगेत बसते.